शाळेचा तुकडा

सतरा लेकरांच्या खिचडीले पावणेदोन किलो तांदूळ लागते. गंज चुलीवर चढवला की अर्ध्या घंट्यात काम उरकते. मी सात वर्षं झाली टाकळखोरीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवतो. पहिल्या वर्षी एक्केचाळीस लेकरं होते. गंज मोठा होता, बाया दोघी होतो. आता गंज लहान झाला, बाई एक राह्यली, अन् औंदा तं शाळाच माह्या खिचडीच्या शेडमधी येऊन बसली.

झालं असं, श्रावणात मोठ्या खोलीची भिंत पडली. इतवार होता म्हणून लेकरं वाचले. सोमवारी आम्ही जाऊन पाह्यतो तं बेंच दगडाखाली, अन् फळ्यावर शनिवारची तारीख तशीच. मले तिथंच रडू कोसळलं. माही पूनम पहिल्या बेंचवर बसे, त्याच भिंतीले टेकून.

आमच्या शाळेच्या खोल्या पाह्यल्या की सरकारले हे गाव कवा कवा आठवलं ते समजते. पहिली, ही पडलेली, एकाहत्तर साली गावानं आपल्या हातानं दगड-मातीची बांधली. सरकारनं मास्तर देल्ला अन् वरचे टिनं देल्ले. दुसरी खोली पंचवीस वर्षांनी आली, स्लॅबची. तिसऱ्या पावसाळ्यात ती गळाले लागली, आता तिच्यात सरपण ठेवतो. तिसरीचा पाया खोदला, चार कॉलम उभे केले, तेवढ्यात मार्च आला अन् पैसा वापस गेला. ते कॉलम अजून उभे हायेत. गावच्या बाया त्याले बकऱ्या बांधतात.

तं मार्चचा सोमवार होता. शाळा सकाळची. पाच वर्गाले एकच मास्तर, धम्मरत्न सर. इकडे पहिलीले अक्षरं गिरवाले लावायचे, तिकडे पाचवीले भागाकार सांगायचा, मधात माह्या चुलीचा धूर. सर मोबाइल पाह्यत माह्याजवळ आले अन् हळूच म्हणाले, "जयमालाबाई, खोली मंजूर झाली."

"खरंच? कुठं हाय?"

"कागदावर हाय. खाली आणायची हाय." सर हसले नाई. "जागा जिल्हा परिषदेच्या नावावर पाह्यजे, तेव्हा काम सुरू होईन. बक्षीसपत्र शुक्रवारलोक मांगतलं. शुक्रवार गेला की पैसा वापस."

"गेल्या बारीसारखा?"

"गेल्या बारीहून वाईट. आपला पट वीसच्या आत हाय. खोली नाई, पट नाई, मंग शाळा कायले ठेवतीन? बोरमाळले जोडून टाकतीन."

माह्या हातातला चाटू तसाच राह्यला. बोरमाळ साडेतीन किलोमीटर. मधात नाला, नाल्यावर पूल नाई. पोट्टे जातीन सायकलीवर, कोणाच्या मोटरसायकलवर. पोरी? आषाढात नाल्याले कंबरभर पाणी राह्यते, कोणती माय धाडन? हे मले कोणी सांगाले नको. माह्या माहेरी शाळा चौथीलोक होती. पाचवीचं गाव दोन कोस. माहा भाऊ गेला, मी गोवऱ्या थापाले राह्यली. पूनम औंदा चौथीत हाय.

"सर, सगळीकडे असंच हाय का हो?"

"माहा एक दोस्त पुण्याकडे मास्तर हाय," सर म्हणाले. "तिथं गावाच्या बाजूले कंपनी हाय. कंपनीनं दोन मजली शाळा बांधून देल्ली. वरून हुकूम येते, लोकसहभाग आणा. ज्याच्याजवळ हाय तो आणते, अन् त्याले सरकार अजून देते. आपल्याकडे कोणती कंपनी हाय? डोणगावच्या बाजारातला सोयाबीनचा आडत्या बांधून देईन का शाळा?" त्यांनी टोपलीतला कांदा उचलला, पुन्हा ठेवला. "ते जाऊ द्या. जागा तुमच्या मामाजीची हाय ना?"

"हाव. पण ती तं कवाच देल्ली त्यांनी."

देल्ली म्हणजे तोंडानं देल्ली. माहे सासरे कडूबा म्हणजे गावात मोठं नाव. दर पंधरा ऑगस्टले झेंड्याखाली त्यांले खुर्ची राह्यते, नारळ राह्यते, टोपी राह्यते. शाळेले जागा देणारे कडूबा पाटील! चोपन्न वर्षांत कोणी तरी दहा बाऱ्या म्हटलं असन, पाटील, कागद करून घेऊ. मामाजीचा जबाब एकच, "दान लिहून ठेवत नसतात. लिहिलं का पुण्य गेलं." त्यांच्या बापानं मंदिराले विहीर देल्ली तेही असंच, तोंडानं. आमच्या घरची रीतच ती. देल्लेलं लिहायचं नाई, अन् घेतलेलं... ते पुढं सांगतो.

सरांनी त्याच दिवशी सातबारा काढून आणला. मामाजी ओट्यावर बाजेवर बसले होते, पाय लोंबते सोडून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण पाठ अजून सरळ. सरांनी कागद त्यांच्यासमोर धरला.

"पाटील, जागेवर तुमचं नाव हाय. सही केली का झालं. पण खाली अजून एक नाव हाय." सरांनी बोट ठेवलं. "झुंबरबाई."

मामाजीले खोकला आला. तो बराच वेळ गेला नाई.

झुंबरबाई त्यांची लहान बहीण. जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात देल्ली. माह्या लग्नात मी त्यांले एकदा पाह्यलं, त्यानंतर नाई. वीस वर्षं झाली, त्या माहेरी आल्या नाईत. आखाजीले नाई, दिवाळीले नाई. घरात त्यांचं नाव निंघालं की मामाजी उठून बैलाले पाणी दाखवाले जात. मले सासूबाईनं मरायच्या आधी सांगतलं, तेव्हा समजलं. विहिरीचं वावर तीन एकर. बापाचं वावर, म्हणून बहिणीचंही नाव लागलं होतं. मामाजीनं तिले बलावून घेतलं अन् म्हटलं, विहीर मंजूर झाली, तिच्या कागदावर अंगठा पाह्यजे. तिनं देल्ला. तो हक्कसोडीचा कागद होता.

सगळ्या वावरावरून तिचं नाव काढलं. शाळेचा तुकडा तेवढा राह्यला. तो तं दान देल्लेला, आपला नाईच, असं समजून त्याच्याकडे कोणी पाह्यलं नाई. आता तोच गळ्याशी आला.

"मामाजी, उद्या जाऊ आपण आत्याबाईकडे," मी म्हटलं.

"ती नाई यायची."

"मंग हात जोडू."

त्यांनी माह्याकडे असं पाह्यलं जसं मी त्यांची टोपीच मांगतली.

मंगळवारी पहाटेच निंघालो. मामाजी, मी अन् पूनम. पूनमले घरी कोण पाह्यन, म्हणून घेतली. मेहकरवरून खामगाव, खामगाववरून जळगाव जामोद, तिथून काळी-पिवळी. पूनम खिडकीशी बसून दिसन ती पाटी मोठ्यानं वाचे. "खामगाव एकवीस... कृषी सेवा केंद्र... येथे पंचर काढून मिळेल." मामाजीच्या मांडीवर नव्या लुगड्याची पिशवी होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

आत्याबाई अंगणात तुराट्या मोडत होत्या. लहानशी बाई, सत्तरीकडे आलेली, हात मात्र मोठाले, बोटं वाकडी झालेली. त्यांनी भावाले पाह्यलं. उठल्या नाईत. मंग पूनमले पाह्यलं अन् उठल्या, पाण्याचा तांब्या आणला. तांब्या माह्या हातात देल्ला. भावाच्या हातात नाई. मी तो मामाजीले देल्ला.

"बाजेवर बसा म्हणा त्यांले," मले म्हणाल्या.

जेवू घातलं आम्हाले. भाकर, चुनाचं पिठलं, कांदा. पाहुण्याले उपाशी नाई ठेवलं. पण वाढताना भावाशी एक शब्द नाई. मामाजीनं भाकरीचा घास पाण्यासोबत गिळला. मले त्यांची कीव आली अन् रागही आला, दोन्ही संगच.

जेवण झालं, मीच सुरू केलं. शाळेची भिंत, खोली, शुक्रवार, नाला, सगळं सांगतलं. आत्याबाई खाली पाह्यून ऐकत होत्या.

"कोणती भिंत पडली?" त्यांनी इचारलं.

"मोठ्या खोलीची. रस्त्याकडची."

"ती म्या उभी केली." त्यांनी आपल्या हातांकडे पाह्यलं. "अकरा वर्षांची होती मी. उन्हाळाभर डोक्यावर चिखल वाह्यला. मास्तर म्हणे, पोरी, शाळा झाली का तुह्यं नाव टाकतो. शाळा झाली. माह्या हाती बकऱ्या देल्ल्या यानं." पहिल्यांदाच भावाकडे बोट केलं. "म्हणे, पोरीच्या जातीले कायले पाह्यजे. मी बकऱ्या त्या भिंतीजवळच चारे. आतमधी पोट्टे पाढे म्हणत. मले सत्तावीसचा पाढा येते अजून. लिहिता येत नाई."

मामाजी म्हणाले, "झुंबर, जुनं..."

"तू चूप बस, दादा." आवाज चढला नाई, पण मामाजी चूप बसले. आत्याबाई घरात गेल्या, पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद आणला. घड्यांवर फाटलेला. तो त्यांनी मामाजीले देल्ला नाई, मले नाई. पूनमच्या समोर धरला.

"तुले वाचता येते ना? रस्त्यानं पाट्या वाचत आली म्हणते तुही माय. वाच हे."

पूनमनं माह्याकडे पाह्यलं. मी काय सांगू? ती वाचाले लागली. जोडाक्षरावर अडखळे, बोट ठेवे, पुन्हा वाचे. "...सदर मिळकतीवरील माझा हक्क, हितसंबंध मी कोणताही मोबदला न घेता... स्वखुशीने... कायमचा सोडून देत आहे."

"स्वखुशीनं," आत्याबाई म्हणाल्या. "पुन्हा वाच."

"स्वखुशीने कायमचा सोडून देत आहे."

"माह्या पोरानं दोन ओळी वाचल्या अन् म्हणे, माय, फसवलं तुले मामानं. वीस वर्षं झाली, पुरा कागद कोणी वाचून दाखवला नाई." त्यांनी कागदाच्या घड्या घातल्या, जशा होत्या तशाच. "देतो मी अंगठा. विहिरीच्या वावरातलं माहं एक एकर मले लिहून दे. दोन कागद. एक शाळेचा, एक माहा. अन् दोन्ही ही पोट्टी मले वाचून दाखवन. तुह्या माणसानं वाचलेलं मी नाई ऐकत."

लुगड्याची पिशवी त्यांनी वापस माह्या हातात देल्ली. खामगावच्या स्टँडवर चहा घेताना मामाजी एवढंच म्हणाले, "देऊ."

माह्या नवऱ्याचं नाव भागवत. एकदाच घेतो, मंग घेत नाई. बुधवारी पूनमचे बाबा विहिरीच्याच वावरात गहू सोंगत होते. मी भाकर घेऊन गेली अन् सगळं सांगतलं. त्यांनी विळा धुऱ्यावर असा मारला की दगडावर ठिणगी निंघाली.

"या एका वावराले पाणी हाय. बाकीचं सगळं कोरडवाहू. याच्यातलं एकर देऊन काय मी बोरमाळच्या लोकाच्या वावरात मजुरी करू?"

"तिचंच होतं ते."

"वीस वर्षं मी ओललं त्याले! मोट्रीचा वायर जळला तेव्हा रात्रभर मी पाण्यात उभा होतो का ती उभी होती?"

"शाळा गेली तं पूनम घरी बसन."

"मी तिले मोटरसायकलवर नेऊन सोडीन."

"कवा? गहू सोंगता सोंगता? आठ दिवस सोडसान, नवव्या दिवशी म्हणसान, आज राहू दे." माहा आवाज मलेच ओळखू येईना. "माह्या बापानंही आठ दिवसच सोडलं होतं मले."

ते दुसऱ्या सरीले गेले. कंबरेत वाकले, मूठभर गहू धरला, कापला, पुन्हा धरला. मानेवर कुसळं चिकटले होते, घामात रुतले होते. तो माणूस वाईट नाई. कष्टाचा हाय. पण भेलेला माणूस वाईटाहून वाईट करून बसते, हे मले शुक्रवारी समजलं.

संध्याकाळी मामाजी त्यांले म्हणाले, "भागवत, दोन्ही कागद करून आण मेहकरवरून. नजर नाई राह्यली मले, तूच पाह्य."

"बरं," हे म्हणाले. एवढंच. मले तिथंच खटकाले पाह्यजे होतं. ज्यानं दुपारी दगडावर विळा मारला तो संध्याकाळी बरं म्हणते कसा? पण मले खोली दिसत होती डोळ्यासमोर. माणसाले पाह्यजे तेवढंच दिसते.

शुक्रवारी मेहकरच्या रजिस्ट्रीच्या हापीसात लोकांची ही गर्दी. मार्चचा शेवट. बाहेर निंबाखाली आम्ही बसलो. धम्मरत्न सर शाळा सोडून आले होते, हातात फाईल, दर दहा मिनिटाले आत जाऊन नंबर पाहून येत. आत्याबाई एकट्याच आल्या, एसटीनं, दोन गाड्या बदलून. पायात धूळ. त्यांनी फक्त पूनमच्या डोक्यावर हात ठेवला.

अडीच वाजता अंगठ्याचं मशीन बंद पडलं. साडेतीनले सुरू झालं. चारले सर धावत आले, "चला, आपला नंबर हाय."

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "आधी वाच."

पूनमच्या बाबांनी कागद तिच्या हातात देल्ला. टाइप केलेला, करकरीत. पूनमनं वाचला. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला. "कडूबा... व त्यांची बहीण झुंबरबाई... यांनी सदर जागा प्राथमिक शाळेकरिता... बक्षीस दिली आहे." सरांचे डोळे आतल्या दारावर होते. शिपाई नाव पुकारत होता.

पूनमनं शेवटची ओळ वाचली. पान उलटलं. मागं कोरं होतं.

"झालं?" आत्याबाईंनी इचारलं.

"हो."

"वावराचं?"

पूनमनं कागद पुन्हा पाह्यला, वरून खाली. मंग बाबाकडे पाह्यलं. हे निंबाच्या खोडाकडे पाह्यत होते.

"बाबा, दुसरा कागद कुठं हाय?"

"तो मागून करू. आज टाइम कुठं हाय? पूनम, तू सांग आजीले, याच्यातच हाय म्हणून." शेवटचं ते हळू बोलले. पण मी ऐकलं. आत्याबाईंनीही ऐकलं.

पूनम म्हणाली, "याच्यात नाई हाय, बाबा."

माही दहा वर्षांची पोट्टी. पण तिनं कागद सोडला नाई. ह्यांचा चेहरा काळा-निळा झाला. मामाजीनं काठी उचलली, पोराच्या अंगावर जायले, पण हात वरच राह्यला, खाली आला नाई. कोणावर उचलतीन? हे तं तेच करून राह्यले होते जे त्यांनी स्वतः केलं होतं.

आत्याबाई उठल्या. पिशवी घेतली.

"पाटील, शेवटचा नंबर हाय," सर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "कोणीतरी बोला ना!"

मी बोलली. काय बोलणार होती ते मलेही माहीत नव्हतं. देवाशपथ, मनात होतं पायावर पडावं. पण तोंडातून निंघालं ते दुसरंच. "आत्याबाई, नका लावू अंगठा. एकदा फसल्या, आता पुन्हा नका. शाळा गेली तं जाऊ द्या."

सर माह्याकडे पाह्यतच राह्यले. मले तिथंच जमीन दुभंगावी वाटली. माही पूनम, माही सात वर्षांची चूल, सगळं एका वाक्यात मी नाल्यात सोडून देल्लं होतं.

आत्याबाई थांबल्या. माह्याकडे नाई, पूनमकडे पाह्यलं.

"शाळेत लेकरं किती तुह्या?"

"सतरा."

"त्याच्यात पोरी किती?"

"अकरा," पूनम म्हणाली अन् तिले रडू फुटलं.

आत्याबाईंनी पिशवी खाली ठेवली. "चला," म्हणाल्या. "कुठं लावायचा?"

आत मशीननं त्यांचा अंगठा घेतला नाई. एकदा, दोनदा, तीनदा. साहेब म्हणे, रेषाच राह्यल्या नाईत आजी. कापूस वेचून, तुराट्या मोडून सगळ्या घासून गेलेल्या. बाहेर शिपाई खुर्च्या उचलत होता. मी त्यांचा हात माह्या पदरानं पुसला, डोक्याचं तेल लावलं, पुन्हा पुसला. साहेबानं दुसऱ्या हाताचा ठेवाले सांगतलं. मशीन घरघरलं, थांबलं, अन् हिरवा दिवा लागला. धम्मरत्न सर भिंतीले टेकून खालीच बसले.

बाहेर आलो तेव्हा मामाजी आपली सही करून निंबाखाली येऊन उभे होते. त्यांनी बहिणीले म्हटलं, "झुंबर, खामगावची गाडी सहाची हाय. मी सोडतो स्टँडवर."

"मी नाई जात," आत्याबाई म्हणाल्या. "माहा कागद होईलोक माहेरी राह्यतो. मले माहेर हाय ना?"

शनिवारी त्या माह्यासंग शाळेत आल्या. पडलेल्या भिंतीजवळ गेल्या, एक ढेकूळ उचललं, हातानं फोडलं, त्यातलं तणस पाह्यलं. "मी मिसळलं होतं हे," म्हणाल्या. मंग शेडमधी बसून कांदे चिरू लागल्या. पहिलीच्या पोरी पाढे म्हणत होत्या, आत्याबाईंचे ओठ त्यांच्यासंग हालत होते.

घरात दोन दिवस हे ओसरीत जेवत, आत्याबाई चुलीपाशी. पूनम बाबाजवळ जाईना. तेच त्यांले जास्त लागलं, मले दिसत होतं. शनिवारी रात्री ताट तसंच ठेवून उठले.

इतवारी पाडवा. आमच्याकडे पाडव्यालेच वावराचं नवं साल धरतात. सालदार पाडव्याले लागते, बटई पाडव्याले ठरते. सकाळी गुढी उभारली, पोळीचं पुरण शिजत होतं. आत्याबाई ओट्यावर सुपात गहू निवडत होत्या, त्याच विहिरीच्या वावराचे. हे बैलाच्या शिंगाले तेल लावत होते.

मामाजी बाजेवरून म्हणाले, "पूनम, तुही वही आण. पेनही आण."

तिनं आणली. मांडी घालून बसली.

"लिव्ह," मामाजी म्हणाले. ज्या माणसानं चोपन्न वर्षं देल्लेलं लिहू देल्लं नाई, तोच आता लिहाले सांगत होता. "मी कडूबा. विहिरीच्या वावरातलं, विहिरीकडचं एक एकर, माही बहीण झुंबर हिले देल्लं."

पूनमनं लिहिलं, अन् मोठ्यानं वाचलं.

आत्याबाईंनी सुपावरून मान वर केली नाई. गव्हातला एक खडा उचलला, बाजूले टाकला.

"'देल्लं' खोड, पोरी," म्हणाल्या. "'वापस केलं' लिव्ह."

पूनम पेन धरून मामाजीकडे पाह्यत राह्यली. मामाजीनं डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"खोड," म्हणाले.

पूनमनं खोडलं, लिहिलं. हे बैल सोडून केव्हा आले समजलं नाई. तेलाचे हात पुसत तिच्या मागं उभे होते, वहीवर वाकून पाह्यत.

"खाली तारीख टाक," ते पोरीले म्हणाले. "मंगळवारची. उद्या ईद हाय, हापीस बंद राह्यते."